गंगाधरने कालवलेला केशरी

सविताचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या आमच्या दुकानात बुंदीच्या कढईपाशी उभा होतो. गंगाधरची ही मुलगी एरवी फोन केला की आधी घरच्यांची विचारपूस करते. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "काका, बाबा गेले… सकाळी चहा पिले, खाटेवर पडले अन् गेले." मी "बरं" म्हणालो. का म्हणालो ते मला अजून उमगलेलं नाही. पाचवीच्या वर्गापासूनची मैत्री, आणि माझ्या तोंडून निघालं ते "बरं". मुलाला दुकान बघायला सांगून मी स्टँडवर गेलो, जालन्याच्या एसटीत बसलो आणि गंगाधरच्या गावच्या फाट्यावर उतरलो. फाट्यावरून गावात चालत जाताना लक्षात आलं की माझ्या हातात पिशवी आहे आणि पिशवीत आमच्या शेवेची दोन पाकिटं आहेत. कुणाकडंही जाताना दोन पाकिटं उचलायची ही आमची दुकानदाराची खोड. ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर मी ती पाकिटं ठेवून दिली आणि रिकाम्या हातानं पुढं गेलो. ती पाकिटं घेऊन त्याच्या दारात उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

दोन दिवसांनी पेपरात त्याचा फोटो आला. खाली 'खाजगी कारखान्यातील निवृत्त कामगार' असं छापलं होतं. सविता म्हणाली, "काका, बाबा निवृत्त कुठं झाले होते? त्यांना काढलं होतं. तुम्हाला तर सगळं माहीत आहे. तुम्ही लिहा." मला सगळं माहीत आहे हे तिचं म्हणणं खरं आहे. मी लिहायला एवढे आठवडे लावले, त्याचं कारणही तेच.

गंगाधरचं घर मेंढ्यांमागं फिरणारं. आमचं घर माझ्या आजोबांच्या आधीच राजस्थानातून येऊन अंबडला स्थिरावलेलं, तेलातुपातलं, दुकानदारीतलं. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो ते केवळ दोघंही उंचीनं कमी म्हणून. त्याच्या वडिलांचा कळप अंबडच्या शिवारात असला की तो शाळेत, कळप पुढं सरकला की तो गायब. एकदा मी त्याच्याबरोबर रानात गेल्तो. शे-दीडशे मेंढ्या, मला सगळ्या सारख्याच काळ्या. गंगाधर मात्र लांबूनच एकेकीला ओळखून हाका मारत होता. मी विचारलं, "तुला कसं कळतं रे?" तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी येडपट प्रश्न विचारला. म्हणाला, "शांत्या, काळा म्हंजे एक रंग असतो व्हय? ती बघ, तांबूस काळी. ती पल्याडची निळसर. अन् ही धुरकट." मी डोळे ताणून बघितलं. मला काही दिसलं नाही. त्याच्या डोळ्यांना जे दिसायचं ते आम्हा बाकीच्यांना कधी दिसलंच नाही, हे पुढंही आयुष्यभर खरं ठरलं.

कळप विकला गेला, वडील थकले, तेव्हा त्याला कामाला मीच लावलं. माझे आतेभाऊ, आम्ही त्यांना माणकभाई म्हणतो, त्यांनी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या पाकिटांवर छपाई करणारा कारखाना काढला होता. शेव, चिवडा, मसाले, पापड यांची पाकिटं. गंगाधर तिथं शाईचे डबे उचलायला लागला आणि दोन-तीन वर्षांत शाई कालवायला लागला. शाई घट्ट येते, ती पातळ करायची, चार रंग एकमेकांत घालून गिऱ्हाइकाला हवा तो रंग काढायचा, मग ती यंत्रावर जाते. बाकीचे लोक तराजूवर तोलून कालवायचे, हा बोटावर थेंब घेऊन दारातल्या उजेडाकडं धरायचा. माणकभाई तेव्हा कौतुकानं सांगायचे, "शांतीलाल, तू माणूस नाही दिलास, मशीन दिलीस."

आमच्या शेवेच्या पाकिटाचा केशरी रंग त्यानंच काढला. मी कारखान्यात जाऊन म्हणालो होतो, मला शेवेसारखा रंग पाहिजे. चार माणसांत तो मला शेठ म्हणायचा, एकटा असला की शांत्या. त्या दिवशी चार माणसं होती. तो गंभीरपणे म्हणाला, "शेठ, गरम शेवंचा का गार शेवंचा?" मी हसलो, तो नाही हसला. दुसऱ्या दिवशी मला वाटीत ताजी शेव घेऊन यायला लावली आणि ती गार होईपर्यंत तिच्यापुढं बसून राहिला. मग तीन वेळा कालवून जो केशरी काढला, तो बघून माझ्या वडिलांना भूक लागली. हे अतिशयोक्तीनं सांगत नाही. त्यांनी खरंच वाटीभर शेव मागून घेतली. त्या रंगावर आमचं दुकान चाललं. आमच्या जिल्ह्यातल्या टेंभुर्णीपासून आष्टीपर्यंत किराणा दुकानांत लोक नाव वाचत नसत, "ते केशरी पाकीट द्या" म्हणत.

मग नियम आला. म्हणजे नियम आधीपासून काही ना काही होतेच, पण सरकारी नियमांचा हा कागद एका मोठ्या कंपनीनं कारखान्याला पाठवला होता, की आमची पाकिटं छापायची तर यातलं सगळं पाळावं लागेल. कागद इंग्रजीत. माणकभाईंनी तो फायलीला लावला. गंगाधरनं त्याची झेरॉक्स काढून घरी नेली. सविता तेव्हा विज्ञान शाखेला शिकत होती. तिनं एका रविवारी बसून बापाला एकेक ओळ मराठीत सांगितली. खाण्याच्या पाकिटावरची शाई कशी असावी, तिच्यात कोणकोणती द्रव्यं बिलकुल नसावीत, छापलेली बाजू खाण्याच्या वस्तूला लागता कामा नये, वर्तमानपत्राच्या कागदात खायचं बांधून देऊ नये… नको असलेल्या द्रव्यांच्या यादीत एक नाव आलं आणि गंगाधरनं तिला थांबवलं. टोल्युइन. शाई पातळ करायचं, डोक्यात जाणाऱ्या उग्र वासाचं पाण्यासारखं द्रव्य. सविता सांगते, बाबांनी तिला ते नाव तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "हे तर मी रोज बालटीनं ओतून राह्यलो, बाई."

माणकभाईंनी तोड काढली. मोठ्या कंपनीसाठी नवीन, नियमातली शाई आणली. जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या लहान गिऱ्हाइकांसाठी जुनीच शाई चालू ठेवली. एकाच खोलीत दोन बाजूंना दोन प्रकारचे डबे. नवी शाई महाग पडते, लहान दुकानदाराला परवडत नाही, आणि त्याला विचारायला येतंय कोण? गंगाधरनं विचारलं, "मालक, ह्या पाकिटातलं खाणारं लेकरू अन् त्या पाकिटातलं खाणारं लेकरू, दोन जातीचं असतं का?" माणकभाई म्हणाले, "गंगाधर, तू शाई कालव."

त्यानंतर तो माझ्याकडं आला. दुकानात गर्दी नव्हती. त्यानं पिशवीतून आमच्याच पाकिटांच्या छापील प्लॅस्टिकचा एक लहान गुंडाळा काढला, न कापलेला. आमची पाकिटं एकपदरी, स्वस्तातली. छपाई बाहेरच्या बाजूला, पण गुंडाळा करताना छापलेली बाजू पुढच्या वेढ्याच्या आतल्या बाजूला दाबून बसते, आणि कित्येक दिवस तशीच राहते. त्यानं तो उलगडला, खिशातून धुतलेलं पांढरं फडकं काढलं, तेलाचं बोट लावलं आणि गुंडाळ्याच्या आतल्या बाजूवर, म्हणजे जिथं शेव लागते तिथं, घासलं. फडकं माझ्यापुढं धरलं. फिकट केशरी. अगदी फिकट, पण त्याचा रंग मी कुठंही ओळखला असता.

"हा तुझा केशरी, शांत्या. माझ्या हातचा. शेवंला लागून राह्यला."

मी विचारलं, "यानं होतं काय पण?"

"मला काय ठाव. मी काय डाकटर हाये? पण ज्येनी नियम केला त्याला तर ठाव असंल ना." मग म्हणाला, "मी म्हणून उपेग न्हाई. मी कामगार. तू गिऱ्हाईक हायेस, घरचा हायेस. तू फकस्त म्हण, मला नवी शाई पायजे. तुझं ऐकतील ते."

मी म्हणालो, "दिवाळी होऊ दे. मग बोलतो."

दिवाळी झाली. मी बोललो नाही. आतेभावाशी संबंध, पाकिटाचा वाढणारा दर, बाकीचे दुकानदार काय म्हणतील… कारणं पुष्कळ होती, आणि खरं सांगायचं तर त्यातलं एकही मोठं नव्हतं. एकदा लग्नात माणकभाई भेटले, पंगतीत शेजारी बसले, मी तोंड उघडलंही. आणि जिलबीबद्दल बोललो.

गंगाधरनं मग स्वतःच जुनी शाई कालवायचं नाकारलं. माणकभाईंनी भांडण केलं नाही, त्याला शाईच्या खोलीतून काढून माल चढवायला लावलं. गुंडाळे डोक्यावर घेऊन टेम्पोत चढवायचे. पन्नाशी ओलांडलेला माणूस. तरी तो करत राहिला, आणि एक दिवस त्यानं जिल्ह्याच्या अन्न खात्याच्या कचेरीत अर्ज दिला. अर्ज सविताच्या अक्षरात, सही त्याची. कचेरीतला अधिकारी भला होता म्हणे, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. पण आम्ही पदार्थाचा नमुना घेतो. पाकिटाच्या शाईची तपासणी इथं होत नाही." गंगाधर म्हणाला, "मंग जिथं व्हती तिथं धाडा." अधिकाऱ्यानं अर्ज ठेवून घेतला. महिन्याभरानं खात्याची माणसं आली ती माझ्या दुकानात. अर्जाला पुरावा म्हणून गंगाधरनं आमचंच पाकीट जोडलं होतं. दुसरं कोणाचं जोडणार? त्यांनी शेवेचा नमुना घेतला, पंचनामा केला, बाजारातली माणसं जमली. पुढं शेव चांगली असल्याचा अहवाल आला. पाकिटाचा त्यात उल्लेखही नव्हता.

पंचनाम्याच्या दिवशीच मी गंगाधरला फोन केला आणि जे बोलू नये ते बोललो. तुला कामाला मी लावलं, माझ्याच ताटात माती कालवलीस, असं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "शेठ, मी तुमच्यावर अर्ज न्हाई केला. शाईवर केला." फोनवर आम्ही दोघंच होतो, तरी तो मला शेठ म्हणाला. त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललो नाही. माणकभाईंना अर्जाचं कळलं आणि त्याची नोकरी गेली. ते मला तिसऱ्याकडून समजलं. मी तेव्हाही फोन केला नाही.

त्या दोन वर्षांत तो काय करत होता ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळायचं. आठवडी बाजारांत फिरायचा. कधी आष्टी, कधी टेंभुर्णी, कधी आमचंच अंबड. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि कोऱ्या कागदाचे गठ्ठे घेऊन भज्यांच्या, वड्यांच्या गाड्यांवर जायचा आणि सांगायचा, पेपरात बांधू नका, त्याची शाई तेलात उतरते. लोक त्याला 'कागदवाला अण्णा' म्हणायला लागले. पत्रावळी ठेवून घ्यायचे, आणि संपल्या की परत पेपर. टेंभुर्णीच्या बाजारातल्या एका भजेवालीची गोष्ट त्यानंच मला पुढं सांगितली. ती त्याला म्हणाली होती, "अण्णा, लोकं मरून राह्यले ते काय माझ्या कागदानं मरून राह्यले का? खताचं खाऊन राह्यले, फवारणीचं खाऊन राह्यले, पाणी कोणचं पिऊन राह्यले ते देवाला ठाव. त्येच्यात तुमचा कागुद कुठं बसतो?" मी विचारलं, "मग तू काय म्हणालास?" गंगाधर हसला. "काय म्हणू? बराबर बोलून राह्यली व्हती ती. मी तिची दहा रुपयाची भजी घेतली… पानावर."

आम्ही परत बोललो ते त्याच्या आजारपणामुळं. सविताचा फोन आला, बाबांच्या हाताला कंप आहे, चालताना तोल जातो. मी गेलो. अंगणात खाटेवर बसला होता, खूप वाळलेला. मला बघून "ये शांत्या" म्हणाला, जसं काल संध्याकाळीच भेटलो होतो. माझ्या अंगावर हिरवट सदरा होता. तो बराच वेळ सदऱ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "हा कोणचा रंग हाये?" मला वाटलं थट्टा करतोय. कौसावहिनींनी, त्याच्या बायकोनं, मला डोळ्यांनी खुणावलं. त्याला रंग कळेनासे झाले होते. आधी निळा आणि पिवळा गेले, मग हिरवा, आणि मग सगळंच मातकट होत गेलं. दिसायचं सगळं, पण रंग सांगता येत नव्हता. मोतीबिंदू नव्हता. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, वय झालं. मूत्रपिंडंही खराब झाली, तेव्हा आम्ही त्याला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काम काय करत होता?" सवितानं सगळं सांगितलं, शाईच्या खोलीला खिडकी नव्हती तेही. बाईंनी मान हलवली. सविता म्हणाली, "तसं लिहून देता का?" त्या म्हणाल्या, "शक्यता असते. पण यामुळंच झालं असं मला लिहिता येणार नाही." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच लिहिता येत नव्हतं. कारखान्यात त्याच्या श्वासात किती गेलं याची नोंद कुणीच कुठं ठेवली नव्हती.

शेवटची भेट मृत्यूच्या पंधरा दिवस आधीची. त्याला उशीला टेकवून बसवलं होतं. बोलता-बोलता त्यानंच विषय काढला. "आता कोणच्या शाईत छापून राह्यलास?" मला एवढी वर्षं माफी मागायची होती. शब्दही मनात तयार होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "बदलली. नवी शाई घेतो आता." साफ खोटं. तो माझ्याकडं बघत राहिला. ज्या डोळ्यांना काळ्यातले सात काळे दिसायचे, त्यांना माझा खोटेपणा दिसला की नाही, मला सांगता येणार नाही. तो म्हणाला, "बरं झालं." आणि डोळे मिटले.

तेराव्याला गावजेवण होतं. आचाऱ्यानं पुऱ्या तळून परातीत काढल्या, आणि तेल निथळायला परातीत पेपर अंथरलेला. सवितानं ते पाहिलं. ती गेली, पेपर ओढून काढला, स्वच्छ धोतराचा तुकडा अंथरला. थोड्या वेळानं मी पाहिलं तर फडकं भिजलं होतं म्हणून आचाऱ्यानं परत पेपर घातला होता. सवितानंही पाहिलं. या वेळी ती उठली नाही. मीही उठलो नाही. मला वाढलेल्या पुऱ्या मी खाल्ल्या.

त्यानंतर मात्र मी माणकभाईंकडं गेलो आणि म्हणालो, मला नियमातली शाई पाहिजे. ते लगेच हो म्हणाले, वादच नाही. नवा माल आला, सोबत शिक्का मारलेलं प्रमाणपत्र आलं. मी दुकानाचं दार ओढून घेतलं, पांढरं फडकं घेतलं, तेलाचं बोट लावलं आणि आतल्या बाजूवर घासलं. केशरी उतरला. ही शाई नवी की जुनीच, नवी असली तर उतरायला नको होती की नव्या शाईचाही गुंडाळा केल्यावर असंच होतं… हे मला सांगू शकणारा एकच माणूस जिल्ह्यात होता. मुलाला म्हणालो, साधी बिनछपाईची पाकिटं घेऊ. महिनाभर घेतली. दुकानदारांनी परत पाठवली, लोकांना आमची शेव ओळखू येईना. आता पुन्हा केशरी पाकीट सुरू आहे. हे लिहितानाही सुरू आहे.

गेल्या आठवड्यात गंगाधरच्या घरी जाऊन आलो. सविता आता एका शाळेत विज्ञान शिकवते, ती सुट्टीला आली होती. ती सांगत होती, शेवटच्या वर्षभरात बाबांचा एक नेम झाला होता. सकाळी आई आंघोळ करून बाहेर आली की ते खाटेवरून विचारायचे, आज कोणचं नेसलीस? आई म्हणायची, लाल. तर लगेच, लाल म्हंजे कोणचा लाल? आई म्हणायची, मिरचीवानी. वाळल्या का ओल्या? आई वैतागायची, पण पदर हातात धरून उजेडाकडं जायची, बघायची आणि नीट सांगायची. त्यांना ते डोळ्यांपुढं दिसेपर्यंत ते विचारत राहायचे. साठ वर्षांच्या आयुष्यात आईनं कधी स्वतःच्या लुगड्याकडं एवढं बघितलं नसेल, सविता म्हणाली.

एवढ्यात कौसावहिनी आतून सवितासाठी चहा घेऊन आल्या. उंबऱ्यात थांबल्या. त्यांनी मला पाहिलं नव्हतं, मी दाराआड बसलो होतो. अंगणातली खाट रिकामी, अंथरूण गुंडाळून पायथ्याशी ठेवलेलं. त्या खाटेकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या, "राखी रंगाचं हाये आज." मग पदराचं टोक उन्हात धरलं, आणि म्हणाल्या, "भिजल्या राखंवानी."